गाडी ‘डबा’ दिसते म्हणून सोडायची, की आतली जागा बघून घ्यायची? छोट्या चौकोनी एसयूव्हीचं गणित समजून घ्या..

समजा, घरात नवी गाडी घ्यायचं ठरलंय. बजेट दहा-बारा लाखांचं. घरात आई-बाबा, तुम्ही नवरा-बायको आणि शाळेत जाणारी पोरगी. शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक दिसायला एकदम कडक, मागे उतरतं छत, तिरकी काच, फोटो काढला की लगेच स्टेटसला ठेवावी अशी. दुसरी सरळ उभी, चौकोनी, कपाटाला चाकं लावल्यासारखी.

आई चौकोनी गाडीचा मागचा दरवाजा उघडते, न वाकता आत बसते, पाय सैल सोडते आणि म्हणते, “हीच घेऊया.” बाहेर उभे राहून तुम्ही गाडीकडे बघता आणि मनात एकच शब्द येतो, ‘डबा’.

सोशल मीडियावर अशा कुठल्याही गाडीची रील उघडून बघा. खाली कमेंटमध्ये कुणी फ्रीज म्हणतं, कुणी टपरी म्हणतं, कुणी पावाची लादी म्हणतं. कमेंट टाकणाऱ्याचं काही जात नाही. गाडी घेणाऱ्याचा मात्र पाच-सात वर्षांचा हप्ता सुरू होतो. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ. गाडी चौकोनी का करतात, त्यात नेमकं काय मिळतं, बदल्यात काय जातं आणि दिसण्याला किती किंमत द्यायची.

सुरुवात एका ताज्या उदाहरणापासून करू.

एकाच कंपनीच्या दोन गाड्या

कियाची सोनेट २०२० पासून भारतात आहे. १ फेब्रुवारी २०२५ ला कंपनीने सिरॉस बाजारात आणली. दोन्ही गाड्यांची लांबी अगदी सारखी, ३,९९५ मिलिमीटर. म्हणजे पार्किंगमध्ये दोन्ही तेवढीच लांबी अडवणार. पण सोनेट नेहमीच्या एसयूव्हीसारखी दिसते आणि सिरॉस उभी, चौकोनी, व्हॅनच्या वळणाची.

आता आकडे बघा. सोनेटचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २,५०० मिलिमीटर आहे. सिरॉसचा २,५५० मिलिमीटर. पाच सेंटिमीटरचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढे पाच सेंटिमीटर म्हणजे जवळपास तीन बोटांची जागा. पुण्याहून कोल्हापूरला जाताना या तीन बोटांची किंमत कळते.

त्यात सिरॉसच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये मागची सीट पुढे-मागे सरकते आणि पाठही मागे रेलते. सीट पूर्ण मागे असेल तर डिकी ३९० लिटरची, पुढे सरकवली तर ४६५ लिटरपर्यंत जाते. माणसं जास्त असतील तेव्हा पायांना जागा, सामान जास्त असेल तेव्हा डिकीला जागा.

कागदावर बघितलं तर सिरॉस भारी पडायला हवी होती. प्रत्यक्षात २०२५ मध्ये विक्रीत सोनेटच पुढे राहिली. याचं सगळं खापर दिसण्यावर फोडता येणार नाही. सिरॉस आली तेव्हा तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ८.९९ लाख होती, सोनेट साधारण ८ लाखांपासून मिळत होती. सोनेटमध्ये १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन मिळतं, सिरॉसमध्ये पेट्रोल म्हणजे थेट टर्बो. पण सिरॉसबद्दल जी काही चर्चा झाली, त्यात ‘आतून मस्त आहे, पण दिसायला..’ हे वाक्य वारंवार ऐकू आलं, हेही तितकंच खरं.

मग प्रश्न पडतो, कंपन्या अशा गाड्या बनवतातच का?

सगळी गोष्ट चार मीटरपाशी सुरू होते

२००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी कोणती, तर लांबी चार मीटरपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत. पुढे कर बदलले, जीएसटी आला, पण ही चार मीटरची रेघ तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या छोट्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्यापेक्षा मोठ्या गाड्यांवर ४० टक्के.

म्हणजे लांबी चार मीटरच्या पुढे गेली की करात थेट २२ टक्क्यांचा फरक. म्हणून तर आपल्याकडे इतक्या गाड्यांची लांबी नेमकी ३,९९५ मिलिमीटर दिसते. सोनेट ३,९९५, सिरॉस ३,९९५, मारुतीची ब्रेझा ३,९९५, अगदी डिझायरसारखी सेडानसुद्धा ३,९९५.

आता या नियमात एक गंमत आहे. नियम लांबी मोजतो, उंची आणि रुंदी मोजत नाही. लांबी वाढवता येत नसेल आणि जागा तर वाढवायची असेल, तर दोनच वाटा उरतात. वर जा, नाहीतर बाजूला जा. डिझायरची उंची १,५२५ मिलिमीटर आणि रुंदी १,७३५. सिरॉसची उंची सुमारे १,६८० आणि रुंदी १,८०५. लांबी सारखीच, पण एक गाडी जमिनीलगत पसरली आणि दुसरी मजला चढवून उभी राहिली.

मुंबईत जमीन कमी म्हणून टॉवर उभे राहिले, तसंच हे.

जपानमध्ये हीच गोष्ट आणखी टोकाला गेलीये. तिथे ‘के’ प्रकारच्या छोट्या गाड्यांना कर कमी लागतो. त्यासाठी लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसीच्या आत लागतं. परिणाम काय, तर होंडाची एन-बॉक्स नावाची गाडी अक्षरशः खोक्यासारखी आहे आणि २०२४ मध्ये जपानमध्ये सगळ्यात जास्त विकली गेलेली नवी गाडी तीच होती.

उंची वाढली की लांबी कशी वाचते?

हा या विषयाचा गाभा आहे आणि तो घरी बसल्या बसल्या तपासता येतो. आधी सोफ्यावर रेलून, पाय पसरून बसा. भिंतीपासून तुमच्या पायाच्या बोटांपर्यंत किती जागा लागली बघा. मग जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर ताठ बसा. गुडघे काटकोनात आले, पाय जवळ आले आणि तेवढ्याच माणसाला कितीतरी कमी लांबी लागली.

गाडीत हेच होतं. सीट खाली असेल तर पाय पुढे पसरावे लागतात, म्हणून लांबी लागते. सीट उंचावर बसवली की माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो आणि लांबी वाचते. पण सीट उंच केली तर डोकं छताला लागणार, म्हणून छतही वर घ्यावं लागतं. आणि मागच्या माणसाचं डोकंही वाचवायचं असेल तर छत मागे उतरवून चालत नाही, ते शेवटपर्यंत सपाट न्यावं लागतं. झाला डबा तयार.

उंच सीटचा दुसरा फायदा घरातल्या मोठ्या माणसांना होतो. बुटक्या गाडीत बसताना आधी खाली बसावं लागतं आणि उतरताना गुडघ्यांवर जोर देऊन उठावं लागतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विचारा, त्रास उतरताना जास्त होतो. खुर्चीच्या उंचीची सीट असेल तर माणूस बाजूने सरकून बसतो आणि तसाच उतरतो. पण फार उंच गाडी असेल तर उलटं होतं, पायरी चढल्यासारखं चढावं लागतं. छोट्या चौकोनी गाड्या बऱ्याचदा या दोन्हींच्या मधल्या उंचीवर येतात आणि तिथेच त्यांची खरी मजा आहे.

तिसरा फायदा दिसण्याचा, म्हणजे आतून बाहेर दिसण्याचा. काच सरळ उभी, खिडक्या मोठ्या आणि बॉनेट सपाट असलं की गाडीचे कोपरे कुठे संपतात ते ड्रायव्हरला कळतं. पेठेतल्या बोळात किंवा बाजारातल्या गर्दीत गाडी काढताना हे फार कामाला येतं. नवीन शिकलेल्या माणसाला तर जास्तच.

उन्हाचंही तसंच. फार तिरकी पुढची काच दुपारचं ऊन थेट डॅशबोर्डवर घेते. उभ्या काचेतून माथ्यावरचं ऊन तुलनेने कमी आत येतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात एसीला तेवढाच आधार.

डिकीचे लिटर वाचताना फसू नका

जाहिरातीत डिकी लिटरमध्ये सांगतात. पण हे लिटर पाणी ओतून मोजलेले नसतात. मोजायची एक रूढ पद्धत अशी आहे की २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ जाड असे एक-एक लिटरचे ठोकळे डिकीत रचायचे आणि किती मावले ते मोजायचं. आता ठोकळा कुठल्याही सांदीत बसतो. तुमची मोठी ट्रॉली बॅग तशी बसत नाही.

म्हणून आकड्याबरोबर आकार बघायचा. डिझायरची डिकी ३८२ लिटरची आहे आणि सिरॉसची ३९०. आकडे जवळपास सारखे. पण सेडानच्या डिकीचं तोंड लहान असतं आणि वर पत्र्याचं झाकण असतं. चौकोनी गाडीचा मागचा दरवाजा वरपर्यंत उघडतो आणि सीट पाडली की सलग जागा मिळते. गावाकडून आंब्याच्या पेट्या आणायच्या असतील, पोरीची सायकल टाकायची असेल, वॉशिंग मशीन दुरुस्तीला न्यायचं असेल किंवा पेणहून गणपतीची उभी मूर्ती आणायची असेल, तिथे लिटरपेक्षा दरवाजाची उंची कामाला येते.

उलट बाजूही आहे. सेडानच्या डिकीतलं सामान बाहेरून दिसत नाही आणि त्याचा वास आत येत नाही. मासळी आणणाऱ्या कोकणातल्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही.

मग डब्याची किंमत कुठे मोजावी लागते?

पहिली किंमत घेतो वारा. चालत्या गाडीला हवा कापत जावं लागतं. हा अडथळा दोन गोष्टींवर ठरतो. गाडीचा समोरून दिसणारा आकार किती मोठा आहे आणि हवा तिच्यावरून किती सहज सरकते. उंची आणि रुंदीचा ढोबळ गुणाकार केला तर सिरॉसचा समोरचा चौकोन डिझायरपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी मोठा निघतो. त्यात उभी काच आणि सरळ कापलेली मागची बाजू.

पण इथे वेग फार महत्त्वाचा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट. शहरात तीस-चाळीसच्या वेगाने सिग्नल ते सिग्नल चालताना गाडीचा आकार मायलेजवर फारसा परिणाम करत नाही, तिथे वजन आणि सारखं थांबणं-निघणं जास्त तेल पितं. पण ६० वरून १२० ला गेलात की वारा चारपट जोर लावतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची वेगमर्यादा आहे. ज्यांना महिन्यातून चार वेळा नागपूर-मुंबई करायचंय, त्यांच्यासाठी डब्याचा खर्च खरा आहे. ज्यांची गाडी आठवडाभर घर-ऑफिस-शाळा करते, त्यांना तो जाणवणारही नाही.

कंपनी सांगते त्या मायलेजमध्ये हा फरक पूर्ण दिसत नाही. आपल्याकडची मायलेजची ठरलेली चाचणी ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे वारा जिथे खरा त्रास द्यायला लागतो, तिथे पोचण्याआधीच चाचणी संपते.

दुसरी किंमत स्थिरतेची. उंच गाडीचं वजन थोडं वर असतं, त्यामुळे घाटात वळणावर ती जास्त कलते. मागे बसणाऱ्याला, विशेषतः लहान मुलांना, यामुळे मळमळू शकतं. मोकळ्या पुलावर आडवा वारा आला की उंच सपाट बाजू शिडासारखं काम करते आणि स्टिअरिंगला हलकासा झटका जाणवतो. घाबरण्यासारखं काही नाही, पण टेस्ट ड्राइव्हमध्ये हे तपासायला हवं.

तिसरी किंमत धुळीची. गाडीची मागची बाजू सरळ कापलेली असली की तिच्यामागे हवा भोवरे घेते आणि रस्त्यावरची धूळ-चिखल ओढून मागच्या काचेवर आणून बसवते. म्हणून चौकोनी गाडीला मागचा वायपर लागतोच. खालच्या व्हेरिएंटमध्ये तो नसेल तर पावसाळ्यात आठवण येते.

चौथी किंमत शहरातल्या फ्लॅटवाल्यांची. सोसायटीत दोन मजली स्टॅक पार्किंग असेल तर उंचीची आणि वजनाची मर्यादा असते. काही जुन्या स्टॅक पार्किंगमध्ये खालच्या खणात फक्त बुटक्या गाड्याच बसतात. बुकिंग करून, पेढे वाटून, नारळ फोडून गाडी दारात आली आणि पार्किंगमध्ये शिरलीच नाही, यापेक्षा वाईट काय? त्यामुळे आधी सोसायटीत जाऊन टेप लावायचा, मग शोरूममध्ये जायचं.

एक गैरसमजही काढून टाकू. चौकोनी म्हणजे असुरक्षित असं काही नसतं. भारत एनसीएपीची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि सिरॉसला तिच्यात ५ स्टार मिळाले आहेत. धडकेत गाडीचा सांगाडा, एअरबॅग आणि बेल्ट काम करतात. छताची रेघ सरळ आहे की उतरती, यावर स्टार ठरत नाहीत.

डबा आवडत नाही म्हणता, मग थारला गर्दी का?

आता खरा गमतीचा भाग. लोकांना चौकोनी गाड्या आवडत नाहीत असं म्हणावं, तर २०२० मध्ये आलेल्या नव्या थारसाठी लोकांनी महिनोन्महिने वाट बघितली. थार काय गोल आहे? ती तर सगळ्यात चौकोनी. बोलेरो २००० सालापासून गावोगावी फिरतेय, तिलाही कुणी डबा म्हणून हिणवत नाही. २०१६ मध्ये आलेली मारुतीची ब्रेझाही चांगली चौकोनी होती आणि धडाक्यात विकली गेली.

म्हणजे लोकांचा राग चौकोनावर नाही. राग आहे व्हॅनसारखं दिसण्यावर.

फरक कुठे पडतो ते बघा. थारचं बॉनेट लांब आणि आडवं आहे, चाकं मोठी आहेत, गाडी जमिनीपासून उंच आहे. डोळ्याला वाटतं, हिच्यात ताकद आहे. सिरॉससारख्या गाडीत जागा वाढवण्यासाठी केबिन पुढे ढकलावी लागते. केबिन पुढे आली की बॉनेट छोटं दिसतं. छत उंच झालं की त्याच चाकांची जोडी बारकी दिसायला लागते. छोटं नाक, उंच अंग, बारीक चाकं. आपल्या डोक्यात या तिन्ही गोष्टींना एकच चित्र जोडलेलं आहे, मारुती ओम्नी. आणि ओम्नी म्हटलं की शाळेची व्हॅन, नाहीतर हिंदी सिनेमातलं अपहरण. गाडीचा यात काही दोष नसतो, पण डोळा जुन्या सवयीनेच बघतो.

आणि आतून बघितलं तर चित्र बरोबर उलटं होतं. जिम्नी घ्या. २०२३ मध्ये पाच दरवाज्यांची जिम्नी आपल्याकडे आली. लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे सिरॉसच्या जवळपास तेवढीच. दिसायला मस्त खोका. पण बसणार चार माणसं आणि मागची सीट वापरात असताना डिकी २०८ लिटरची. कारण तिचं बांधकाम डोंगरदऱ्यांसाठी आहे. खाली शिडीसारखी जाड चेसिस उंची खाते, पुढे उभं बसवलेलं इंजिन लांबी खातं. उरलेल्यात माणसं बसतात.

थोडक्यात, चौकोनी गाड्या दोन प्रकारच्या असतात. काही जागेसाठी चौकोनी असतात, काही रुबाबासाठी. बाहेरून दोन्ही खोकीच. रुबाबाच्या खोक्याकडून जागेची अपेक्षा ठेवली तर फसगत होते आणि जागेच्या खोक्याकडून रुबाब मागितला तर निराशा होते. जी गाडी बघताय ती कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ठरवा.

हसणारे नंतर रांगेत उभे राहतात, पण नेहमी नाही

१९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो आली. उंच, उभी, विचित्र. तोपर्यंत बुटक्या मारुती ८०० ची सवय असलेल्या लोकांनी नाकं मुरडली. पण आत बसले आणि मत बदललं. पुढच्याच वर्षी मारुतीची वॅगन आर आली, ती तर आणखी खोक्यासारखी. आज २५ वर्षांनी काय स्थिती आहे? २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सगळ्यात जास्त विकली गेलेली कार वॅगन आर होती, जवळपास दोन लाख गाड्या. तिच्या रुबाबाचे कुणी पोस्टर लावत नाही, पण टॅक्सीवाल्यापासून निवृत्त मास्तरांपर्यंत ती सगळ्यांना चालते.

दुसरी गोष्ट इटलीतली. १९९८ मध्ये फियाटने मल्टिप्ला आणली. लांबी ३,९९४ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत, आणि त्यात तीन-तीनच्या दोन रांगांत सहा माणसं. जागेच्या हिशोबात ही गाडी इतकी हुशार होती की न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने १९९९ च्या प्रदर्शनात ती मांडली. पण पुढच्या काचेखाली आलेला फुगवटा आणि त्यात बसवलेले जादाचे दिवे यामुळे जगातल्या कुरूप गाड्यांच्या यादीत तिचं नाव कायमचं बसलं. शेवटी २००४ मध्ये फियाटने तो चेहरा बदलून साधा केला.

दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर एक अंदाज येतो. वॅगन आर स्वस्त होती, चालवायला परवडणारी होती, म्हणून लोकांनी दिसणं माफ केलं. किंमत वाढत जाते तशी माफी कमी होत जाते. पाच-सहा लाखांच्या गाडीत माणूस सोय विकत घेतो. बारा-चौदा लाख मोजताना त्याला सोयीबरोबर चारचौघांत दिसायलाही काहीतरी हवं असतं. सिरॉससारख्या गाड्यांची खरी अडचण ही आहे.

दिसणं म्हणजे नुसती हौस नाही

इथपर्यंत वाचून वाटेल की शहाण्या माणसाने डोळे मिटून डबा घ्यावा. तसं नाही. दिसण्यालाही व्यवहारी किंमत आहे.

एक, जुनी गाडी विकताना. सेकंड हँड बाजारात मागणी असलेल्या गाडीला भाव मिळतो. ज्या गाडीकडे नवी असताना लोकांनी पाठ फिरवली, तिच्यासाठी पाच वर्षांनी गिऱ्हाईक शोधायला वेळ लागतो. पण याची दुसरी बाजू अशी की अशीच गाडी तुम्ही जुनी घेत असाल, तर तीच चांगली सोय कमी पैशांत मिळू शकते.

दोन, रोजचं समाधान. आपल्याकडे गाडी म्हणजे बऱ्याच घरांत दुसरी सगळ्यात मोठी खरेदी. दसऱ्याला हार घालून पूजा करतो आपण तिची. रोज सकाळी तिच्याकडे बघून मन खट्टू होणार असेल, तर ४६५ लिटरची डिकी त्यावर औषध नाही. पण हेही खरं की नवेपणीचा पहिला महिना गेला की आपण गाडीला बाहेरून कमी आणि आतून जास्त बघतो.

मग ठरवायचं कसं?

सोपा मार्ग आहे, मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढा. मागच्या सीटवर मोठी माणसं किती दिवस बसली? डिकी गच्च भरून किती वेळा गेलात? हायवेवर १०० च्या आसपास किती तास चाललात? आणि किती दिवस गाडीत तुम्ही एकटेच होतात? ‘कधीतरी सगळे मिळून गोव्याला जाऊ’ हा दिवस धरू नका, जो गेला तोच मोजा.

मागची सीट आठवड्यातून तीन-चार दिवस भरत असेल, घरात गुडघेदुखी असेल किंवा सामानाची ने-आण असेल, तर जागेच्या खोक्याकडे झुका. बहुतेक वेळा एकटे किंवा दोघंच फिरत असाल आणि मागची सीट फक्त बॅग ठेवायला लागत असेल, तर आवडती दिसणारी गाडी घ्या आणि अजिबात वाईट वाटून घेऊ नका. न वापरलेल्या जागेचे पैसे भरणं हाही एक प्रकारचा दिखावाच आहे. लांबचे हायवे जास्त असतील तर बुटकी सेडान आजही शहाणी निवड आहे.

टेस्ट ड्राइव्हला जाताना काही गोष्टी नक्की करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला सोबत न्या आणि दोन-तीनदा चढा-उतरायला सांगा. पुढची सीट स्वतःच्या मापाची करून तुम्ही मागे बसा. मागे तिघं बसवून बघा, दोघांत सगळ्याच गाड्या मोकळ्या वाटतात. घरची सगळ्यात मोठी बॅग डिकीत टाकून बघा. मोकळा रस्ता मिळाला तर वाऱ्याचा आवाज ऐका. सरकणारी सीट, मागचा वायपर या गोष्टी तुम्ही घेताय त्याच व्हेरिएंटमध्ये आहेत का ते विचारा, कारण शोरूममध्ये उभी असते ती बहुतेकदा सगळ्यात महागडी गाडी.

आणि गाडी दिवसाउजेडी रस्त्यावर उभी बघा. शोरूमच्या दिव्यांत आणि मोबाईलच्या स्क्रीनवर गाडी वेगळीच दिसते. रीलमध्ये कुरूप वाटलेली गाडी प्रत्यक्षात ठीक वाटते, तर कधी फोटोत भारी वाटलेली गाडी समोर आली की एवढुशी दिसते.

शेवटी त्या शोरूममध्ये परत जाऊ. आई मागच्या सीटवर निवांत बसली आहे, तुम्ही बाहेर उभे आहात. तिला गाडी आतून दिसतेय, तुम्हाला बाहेरून. एकदा जागा बदलून बघा. तुम्ही आत बसा आणि तिला बाहेर येऊन गाडीकडे बघायला सांगा. त्यानंतरही दोघांचं उत्तर एकच आलं, तर बुकिंग करून टाका. कमेंटवाले काय, ते पुढच्या गाडीलाही फ्रीजच म्हणणार आहेत.